न बसवलेली बॅटरी

ही गोष्ट २०२२ सालची. कर्जतच्या हरी कर्णिकांची मुलगी ईशानी तेव्हा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या फेब्रुवारीत खालापूरला, एस.टी. स्टँडजवळच्या युनूसभाईंच्या दुकानात तिला एक मुलगा भेटला. भेटला म्हणजे आडवा आला.

युनूसभाई जुने कॉम्प्युटर विकायचे. कारखान्यांतल्या ऑफिसांत नवी यंत्रं आली की जुनी त्यांच्याकडे येत, आणि स्वस्तातली यंत्रं शोधणारी कॉलेजची मुलं त्यांच्या दुकानात माश्यांसारखी घोंगावत. त्या दिवशी रसायनीहून दोन छोटे कॉम्प्युटर आले होते, मिठाईच्या डब्याएवढे. ईशानीने एक उचलून उलटासुलटा करून पाहिला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"तो माझा आहे."

तिने वळून पाहिलं. उंच, सावळा, केसांत गवताची काडी अडकलेली.

"नाव कुठे लिहिलंय?"

"काल फोन केला होता मी. युनूसभाईंना विचार."

युनूसभाई चष्मा पुसत होते. "फोन आला होता, ते खरं हाय. पण ही समोर उभी हाय. आणि दोघांनी ऐका, मी जोडी फोडत नाय. न्यायचे तर दोन्ही न्या."

दोन्ही नेण्याइतके पैसे दोघांपैकी कुणाकडेच नव्हते. बाहेर एस.टी. लागली, माणसं धावली, दुकानात जरा शांतता झाली.

"अर्धे अर्धे घालू," ईशानी म्हणाली. "एक तुझा, एक माझा."

"चालेल. आधी तू निवड."

"दोन्ही सारखेच तर आहेत."

"तरी निवड. नाहीतर जन्मभर म्हणशील, याने चांगला घेतला."

"जन्मभर?" ईशानीने भुवई उचलली.

"म्हणजे... सेमिस्टरभर," तो म्हणाला आणि केसांतली काडी शोधू लागला. ती तिला कधीची दिसत होती, पण तिने सांगितलं नाही.

त्याचं नाव यज्ञेश भोईर. राहणार कडाव. कॉलेज एकच, पण तो इलेक्ट्रॉनिक्सला होता. स्टँडवर चहा घेताना तिने विचारलं, तू याचं काय करणार. तो म्हणाला, म्हशीसाठी हवाय. चहा तिच्या ओढणीवर सांडला.

"हसू नकोस. ठमी नावाची म्हैस आहे आमची. तिच्या गळ्यात मी एक पट्टा बांधलाय, स्वतः बनवलेला. ती किती वेळ रवंथ करते ते मोजतो. रवंथ कमी झालं की समजायचं, आजारी पडणार. ते आकडे साठवायला यंत्र हवं. तू?"

"माझ्या बाबांचे फोटो."

हरी कर्णिक फोटोग्राफर. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत तीस वर्षांत जी लग्नं झाली, त्यातली बरीच त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेली. फोटो कुठे ठेवलेले, तर निगेटिव्ह स्कॅन केलेल्या सीड्यांमध्ये, जुन्या डिस्कमध्ये, लोखंडी कपाटात, धुळीत. ईशानीने बाबांना पटवलं होतं की ते सगळं एका जागी आणायचं. एखाद्या बड्या कंपनीकडे महिन्याला भाडं भरून नाही, आपल्याच घरात, आपल्याच यंत्रात. घरचा सर्व्हर. हरीभाऊंना तो शब्द आवडला नव्हता, पण मुलीचा उत्साह आवडला होता. नव्या लग्नांचे फोटोही आता ते तिच्याच यंत्रात टाकणार होते.

"तीस वर्षांची लग्नं एका डब्यात," यज्ञेश म्हणाला. "आणि डबा मेला तर?"

"तर दुसरी प्रत."

"ती कुठे?"

या छंदाचा एक नियम आहे आणि तो तिलाही माहीत होता. प्रत दुसऱ्या घरी ठेवायची. घरात पाणी शिरलं, आग लागली, तरी दुसरीकडची राहते. पण त्यासाठी दुसरं घर लागतं.

"माझ्याकडे ठेव," यज्ञेश चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "मी माझी तुझ्याकडे ठेवतो. तू कुलूप लावून दे, मी उघडून बघणार नाही."

"तुझं कुलूप?"

"लावीन की. ठमीची खासगी बाब आहे."

असं ते ठरलं. पुढच्या रविवारी ईशानी प्रतीची डिस्क घातलेली एक छोटी काळी पेटी स्कूटीवरून घेऊन कडावला गेली. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत वालाच्या शेंगा सुकत आल्या होत्या आणि रस्त्याभर तो हिरवट, तुरट वास होता. यज्ञेशची आई द्वारकाबाई दुधाची कॅन घासत बसली होती. तिने पेटीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"ह्ये काय गं बाय?"

"यात माझ्या बाबांचे फोटो आहेत, काकू. सांभाळायला देतेय."

"मंग आमाला बघाया भेटतील?"

"नाही... कुलूप आहे."

"कुलूप लावून सांबाळाया देतीस. बरं हाय तुमचं," द्वारकाबाई म्हणाली आणि पेटीसाठी फडताळात जागा केली.

ईशानीच्या पेटीचं कुलूप म्हणजे एक लांबलचक परवलीचं वाक्य होतं. वीज गेली की पेटी झोपायची, आणि वीज आली तरी ते वाक्य कुणी लिहिल्याशिवाय उठायची नाही. ती उठली नाही की कर्जतहून येणारे फोटो तिच्यात उतरत नसत. आणि कडावला वीज जायची. वारं सुटलं की जायची, तारेवर फांदी पडली की जायची, कधी काहीच झालं नाही तरी जायची. मग यज्ञेशचा मेसेज यायचा : 'पेटी झोपली.' ईशानी स्कूटी काढायची.

"भिंतीकडे बघ," ती म्हणायची.

यज्ञेश भिंतीकडे तोंड करायचा. ती वाक्य लिहायची.

"केवढं लांब आहे गं वाक्य. काय लिहितेस एवढं?"

"तुझ्याबद्दल नाही."

"मी कुठे म्हटलं माझ्याबद्दल?"

"मग कान का लाल झाले?"

"उजेड पडलाय खिडकीतून."

खिडकी दुसऱ्या बाजूला होती. ईशानी हसायची नाही, फक्त शेवटची कळ जरा हळू दाबायची.

प्रेमाला कारण लागतं. पूर्वी मुली शेजारी विरजण मागायला जात, मुलं सायकलला हवा भरायचा पंप. घरात विरजण असायचं, पंपही असायचा, आणि ते सगळ्यांना माहीत असायचं. या दोघांचं कारण नव्या काळातलं होतं, एवढाच फरक. कर्णिकांच्या घरी स्टुडिओसाठी इन्व्हर्टर होता, त्यामुळे यज्ञेशची पेटी तिथे कधी झोपली नाही. कडावलाही एक बॅटरी लावली असती तर प्रश्न मिटला असता. ते अर्ध्या तासाचं काम, आणि यज्ञेश इलेक्ट्रॉनिक्सचा. दूरवरून वाक्य लिहून पेटी उठवायची सोयही करता येते. ते ईशानीला करता येत होतं. दोघांनी पावसाळा घालवला, गणपती घालवले, दिवाळी घालवली. पावसाळ्यात तर पेटी आठवड्यातून तीनतीनदा झोपली. ईशानी भिजून यायची, द्वारकाबाई तिला कोरा चहा द्यायची, यज्ञेश पंचा शोधायला जायचा आणि दर वेळी त्याला तो सापडायला वेळ लागायचा. बॅटरीचं नाव कुणी काढलं नाही.

नाव काढलं ते युनूसभाईंनी, तेही न बोलता. तुळशीचं लग्न झाल्यावर यज्ञेश त्यांच्या दुकानात काही वायर आणायला गेला, तेव्हा त्यांनी एक जुनी बॅटरी त्याच्या पिशवीत टाकली. घेऊन जा, म्हणाले, पडून हाय. फुकटची वस्तू नाकारणार कशी? त्याने ती आणून फडताळाखाली ठेवली.

पुढच्या वेळी ईशानी आली, खाली बसली, आणि तिला ती दिसली.

"बॅटरी आणलीस."

"हो... युनूसभाईंनी दिली."

"चांगलं झालं. बसव मग."

यज्ञेशला वाटलं, हिला येण्याचा कंटाळा आलाय. "बसवू?" तो म्हणाला.

ईशानीला वाटलं, याला आपल्या येण्याचा त्रास होतोय, नाहीतर आणली कशाला. "तुझ्या घरी आहे पेटी. तुझी मर्जी."

"नाही, तुझी पेटी आहे. तू म्हणशील तसं."

"मी काय म्हणणार?"

"काहीच नाही म्हणणार?"

"उशीर होतोय मला," ती म्हणाली आणि चहा न घेता निघाली. द्वारकाबाईने कप परत भांड्यात ओतला. "काय केलंस रं?" तिने मुलाला विचारलं. "काय नाय केलं," तो म्हणाला. ते अगदी खरं होतं.

त्यानंतर दोनेक दिवसांत कडावची वीज गेली आणि आली. पेटी झोपली. यज्ञेशने मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला, परत पुसला. तिला यायचं असेल तर येईल, तिलाही तिच्या यंत्रावर दिसतंच की, पेटी उत्तर देत नाही. ईशानीला दिसत होतं. तिने ठरवलं, त्याने बोलावल्याशिवाय जायचं नाही. बोलवायचा तो नेहमी, आता का नाही? दोघंही कॉलेजात एकमेकांसमोरून जात होते, मान हलवत होते, आणि पेटी फडताळात अंधारात बसून होती.

त्याच आठवड्यात खालापूरला हर्षला पाटीलचं लग्न लागलं. हरीभाऊंनी फोटो काढले, दोन्ही दिवसांचे, हळदीचे आणि लग्नाचे. घरी येऊन ईशानीच्या यंत्रात उतरवले आणि पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्याची कार्डं रिकामी केली. मुलीने सांगितलं होतं, एकदा यंत्रात टाकले की प्रत आपोआप कडावला जाते, काळजी नाही. ते काळजी करत नव्हते.

मग एका सकाळी यंत्रातून टकटक असा आवाज यायला लागला आणि दुपारी थांबला. आतली डिस्क गेली होती. पनवेलच्या दुकानदाराने ती उघडून पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

ईशानी त्याच संध्याकाळी कडावला गेली. यज्ञेशने दार उघडलं, काही विचारलं नाही, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिने वाक्य लिहिलं. पेटी उठली. तीस वर्षांची लग्नं होती तशी होती. हर्षलाचं लग्न नव्हतं.

"नाहीये?" यज्ञेशने भिंतीकडे बघतच विचारलं.

"नाहीये."

"मी येतो बाबांना सांगायला," तो म्हणाला.

"मी सांगते."

तिने रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं, की पेटी बंद पडली होती आणि तिने लक्ष दिलं नाही. हरीभाऊंनी ऐकून घेतलं, हात धुतले, आणि एवढंच म्हणाले, "उद्या खालापूरला जाऊ. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही." तीस वर्षांत कुणाच्याही दारात जाऊन 'तुमचे फोटो नाहीत' असं त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या दोन तालुक्यांत त्यांचं नाव होतं ते तेवढ्यासाठी. चांगले फोटो दुसरेही काढत.

हर्षला पहिल्यांदा माहेरी आली होती. हातातला चुडा अजून उतरवलेला नव्हता, मेंदी नारिंगी पडली होती. हरीभाऊ आणि ईशानी बाकावर बसले, तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली आणि यज्ञेश आत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

हरीभाऊंनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, दोन वाक्यांत. वर म्हणाले, "चूक माझ्या घरात झाली. दोष माझा."

हर्षलाचा हात ताटातल्या तांदळावर थांबला. निवडायला घेतले होते.

"सगळेच गेले?"

"सगळे."

"अंतरपाट बाजूला झाला तेव्हाचाही?"

"तोही."

"पण प्रत असते ना? तुम्हीच म्हणाला होता मांडवात, आमची प्रत कडावला असते."

"असते," यज्ञेश पुढे येऊन म्हणाला. "ती माझ्याकडे असते. म्हणजे असं होतं, की वीज गेली की डिस्कला कुलूप लागतं, मग परत चालू करताना—"

"मला सोपं सांगा. वीज जाते हे माहीत होतं?"

"हो."

"मग बॅटरी नव्हती?"

"होती."

"होती? मग लावली का नाही?"

"ते... त्या बॅटरीचं जरा..." यज्ञेशला इलेक्ट्रॉनिक्समधलं काहीच आठवेना. "कनेक्टर वेगळा..."

"कनेक्टर बरोबर होता," ईशानी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ती बापाकडे नाही, हर्षलाकडे बघून बोलत होती.

"बॅटरी लावली असती तर पेटी झोपली नसती. पेटी झोपली नसती तर मला कडावला जायला कारण उरलं नसतं. म्हणून लावली नाही. त्यानेही नाही आणि मीही कधी म्हटलं नाही. दुसरं काही नव्हतं."

हरीभाऊंनी चहाचा कप उचलला आणि त्यात बघत राहिले. यज्ञेशचे कान पार लाल झाले. या वेळी खिडकी खरंच त्याच बाजूला होती, पण तो तसं म्हणाला नाही.

हर्षलाने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"म्हणजे तुमचं जमावं म्हणून माझे फोटो गेले."

तिने दुसरा खडा शोधला.

"मग निदान जमलंय का?"

"अजून... विचारलेलं नाही," यज्ञेश म्हणाला.

"किती दिवस झाले?"

"फेब्रुवारीपासून."

"फेब्रुवारीपासून," हर्षलाने ते शब्द चवीने परत म्हटले. "मला बघायला आले, ठरलं, साखरपुडा झाला, लग्न झालं, सगळं त्या काळात. आणि तुम्ही वीज जायची वाट बघत होतात. विचार आता."

"इथे?"

"इथेच. माझ्यासमोर. एवढे फोटो गेलेत माझे, काहीतरी बघायला नको मला?"

यज्ञेशने हरीभाऊंकडे पाहिलं. हरीभाऊ अजून कपातच बघत होते, पण त्यांनी हात जरासा हलवला, फोटोत मागच्या रांगेतल्या माणसाला पुढे ये म्हणताना हलवत तसा.

"ईशानी," तो म्हणाला, "वीज गेली नाही तरी... येशील?"

ईशानीने ओढणी बोटातून सोडवली. "बॅटरी बसव आधी. म्हणजे मी कशाला आले ते मलाही कळेल."

"आज बसवतो."

"मग उद्या येते."

हर्षला पहिल्यांदा हसली. मग आत जाऊन थोडा वेळ रडली, कारण फोटो गेले ते गेलेच होते. बाहेर तिघांना ते ऐकू येत होतं, आणि तिघेही ती परत येईपर्यंत बसून राहिले.

पुढे पंधरा दिवस ईशानी आणि यज्ञेशने पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा केले. यज्ञेशने त्याच्या यंत्रावर एक वेबपान उघडलं, जो तो आपापले फोटो त्यावर टाकू लागला. ज्यांना जमेना त्यांच्या घरी दोघं जाऊन आले, चौक, लौजी, मोहोपाडा अशा गावांत. बोटं मध्ये आलेले, डोकी छाटलेले, जेवणाच्या पंगतीचे सगळ्यात जास्त. हरीभाऊंनी ते एकेक करून बघितले, उजळले, कापले, आणि अल्बम बांधला. अंतरपाट बाजूला होतानाचा फोटो कुणाकडेच नव्हता. त्या क्षणी सगळे अक्षता टाकत होते. हरीभाऊंनी त्या जागी दुसरा फोटो घातला नाही, पान कोरं ठेवलं. हर्षलाने पैसे द्यायला काढले, ते त्यांनी घेतले नाहीत.

हर्षला आता नाशिकला असते. तिला एक मुलगा आहे आणि त्याच्या बारशाचे फोटो तिने हरीभाऊंनाच नाशिकला बोलावून काढून घेतले.

युनूसभाईंनी दुकान मुलाकडे, आदिलकडे दिलं. तो मोबाइलची कव्हरं विकतो, जुन्या कॉम्प्युटरला हात लावत नाही.

हरीभाऊ अजून लग्नं करतात, म्हणजे लग्नांचे फोटो काढतात. अल्बम घरपोच होईपर्यंत ते कार्ड रिकामं करत नाहीत. मुलीने कितीही समजावलं तरी नाही.

यज्ञेशचे पट्टे कडावच्या काही गोठ्यांनी घेतले, त्यातल्या निम्म्यांनी परत केले. त्याने रसायनीच्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि पट्ट्यांचं काम रविवारी करतो. ईशानी पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते. दोघांचं लग्न २०२५च्या मे महिन्यात कर्जतला झालं. ज्या नातेवाइकांनी नाकं मुरडली तेही जेवायला आले आणि पोटभर जेवले.

लग्नानंतर पहिल्या सकाळी द्वारकाबाईने सुनेला चुलीजवळ बसवलं, चहा दिला, आणि हळूच सांगितलं, "तू म्हशीचं कायबी शिकू नको गं बाय. धार काडाया आली की जल्मभर पाटं उटवतील तुला."

ईशानीने ते ऐकलं. आजवर तिने धार काढलेली नाही. द्वारकाबाई मात्र पहाटे कडबा टाकता टाकता मोबाइल काढते आणि कोणती म्हैस किती रवंथ करते ते बघून घेते. ते तिला सुनेने शिकवलं, आणि शिकू नको असं तिला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.